चौकशीच्या बाई येणार म्हणून पोरांना मुंबईला धाडू का?

मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातनं पत्र आलंय. वहीच्या कागदावर लिहून त्याचा मोबाईलवर फोटो काढून पाठवलंय, खाली सही फक्त 'पोरांची काकी'. गावाचं नाव मी मुद्दाम गाळलंय. पत्र मोठं आहे, त्यातलं मुख्य तेवढं सांगते.

काकींच्या दिराची दोन मुलं. मुलगी तेरा वर्षांची, आठवीत. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. आई दोन वर्षांमागे भातलावणीच्या दिवसात तापाने आजारी पडली, लेप्टोस्पायरोसिस निघाला, गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात नेली तिथेच गेली. बाप ट्रॉलरवर खलाशी, पितो. पोरं आजीकडे असतात, आजी सत्तरीची, पहाटे बंदरावर लिलावाला जाते आणि मग टोपली घेऊन घरोघर मासे विकते. काकींचं घर खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, पलीकडे, चूल वेगळी. मुलगी जूनपासून शाळेत धड जात नाही. कोणीतरी १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाईनला, फोन केला, जिल्ह्याच्या ऑफिसातनं एक बाई येऊन गेल्या, घरात आजी एकटीच होती, ती घाबरून काहीच नीट बोलली नाही. जाताना बाई कागद देऊन गेल्या की पुढच्या आठवड्यात मुलांना घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसला बाल कल्याण समितीपुढे या, आणि त्याच्या आधी मी परत एकदा घरी येईन. आजीचं एकच चाललंय, "माझ्या पोरांका खंय नेतत? मी मेलंय काय?" तिने ग्रामदेवतेला गाऱ्हाणं पण घातलंय. नालासोपाऱ्याची नणंद म्हणते पोरांना माझ्याकडे धाडा, प्रकरण थंड झालं की न्या परत. काकी विचारतात, पोरं खरंच नेतील का, नणंदेकडे धाडू का, आणि फोन केला कोणी, शाळेतल्या बाईंनीच ना?

काकी, पोरं तुम्हाला काकी म्हणतात म्हणून मी पण काकीच म्हणते.

शेवटच्या प्रश्नाचं आधी उरकते. फोन कोणी केला ते शोधत बसू नका. १०९८ वाले फोन करणाऱ्याचं नाव सांगत नाहीत, आणि बाईंनी केलाच असेल तरी मुलगी महिना महिना वर्गात नाही तर त्यांनी काय करायचं होतं, हजेरीवर लाल रेघा मारत बसायचं? त्याच शाळेत त्या मुलीला उद्या परत जायचंय, तेव्हा बाईंशी वाकडं घेऊन काही मिळणार नाही. उलट त्यांना जाऊन भेटा, पुढे त्यांचंच पत्र लागणार आहे.

आता नणंदेकडे धाडायचं. नको. अजिबात नको. तुमच्या हातात समितीचा कागद आहे, त्या कागदाच्या तारखेला मुलं गावात नसली तर समितीला त्याचा एकच अर्थ लागणार, की इथे काहीतरी लपवण्यासारखं आहे. म्हणजे आज जी साधी चौकशी आहे ती उद्या पोलिसांकडून मुलांचा शोध घेण्यापर्यंत जाऊ शकते. आणि दुसरं म्हणजे, राग मानू नका, पण तेरा वर्षांची गावाकडची मुलगी मुंबईतल्या एका खोलीत नातेवाईकांकडे राहायला गेली की तिची शाळा किती होते आणि भांडी किती होतात हे आपण कोकणातल्या बायकांनी पिढ्यानपिढ्या बघितलंय. नणंद चांगली असेल, तिचा हेतू पण चांगला असेल, तरी नको.

पोरं नेतील का? मी त्या समितीवर नाही त्यामुळे लिहून देऊ शकत नाही, पण कायदा काय सांगतो ते सांगते म्हणजे आजीला जरा धीर येईल. हे सगळं २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली चालतं. समिती म्हणजे एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांना मॅजिस्ट्रेटचे अधिकार असतात म्हणून कागद कोर्टासारखा दिसतो, पण तिथे पिंजरा नाही, आरोपी नाही, टेबलाभोवती बसून बोलतात. आणि त्या कायद्यात सुरुवातीलाच तत्त्वं दिलेली आहेत, त्यात अगदी स्पष्ट आहे की मुलाची पहिली जबाबदारी घरच्यांची आणि संस्थेत ठेवणं हा सगळ्यात शेवटचा उपाय. संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यातही हेच आहे, नुसतं गरीब आहेत म्हणून मुलाला घरच्यांपासून तोडायचं नाही. समिती काय काय करू शकते? मुलं आहेत तिथेच ठेवू शकते आणि अधूनमधून माणूस पाठवून लक्ष ठेवू शकते. घरातल्या दुसऱ्या कोणाला, म्हणजे उदाहरणार्थ तुम्हालाच, योग्य व्यक्ती म्हणून ताबा देऊ शकते. पैशांची मदत लावून देऊ शकते. बालगृह पण त्या यादीत आहे, नाही असं मी म्हणणार नाही, पण ते कधी, घरात मुलाला धोका आहे आणि सांभाळायला दुसरं कोणीच पुढे येत नाही तेव्हा.

म्हणून सगळं बरंचसं तुमच्यावर आहे काकी. पत्रात तुम्ही पाच वेळा तरी 'आजी' लिहिलंय आणि स्वतःबद्दल फक्त 'मी आपली बाजूला असते' एवढंच. पुढच्या वेळी बाई येतील तेव्हा बाजूला असू नका. समोर बसा.

त्या बाई ज्या आल्या होत्या त्या बहुतेक जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या असणार. ही माणसं बहुतेक करून कंत्राटी असतात, मिशन वात्सल्य ह्या केंद्राच्या योजनेतून पगार, अख्खा जिल्हा मोजक्या माणसांनी सांभाळायचा, दोडामार्गला सकाळी आणि देवगडला संध्याकाळी. तेव्हा घाईत बोलल्या असतील तर मनाला लावून घेऊ नका. त्यांना समितीला सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो, कायद्यात त्याला पंधरा दिवस दिलेत, आणि समिती बरंचसं त्या अहवालावर बघते. आत्ता त्यांच्या वहीत काय लिहिलं असेल? म्हातारी घाबरली, मुलगी घरी, वडील समुद्रात, बाकी कोणी भेटलं नाही. एवढंच. तुम्ही भेटलातच नाही ना.

आधी त्यांचं ओळखपत्र बघायला मागा, त्यात उद्धटपणा नाही. मग घर आहे तसं दाखवा. गणपती यायचेत असं समजून घर घासूनपुसून भिंती रंगवत बसू नका, त्यांना पडवीतली जाळी आणि कोपऱ्यातली मासळीची टोपली बघून काही वाटत नाही, त्या बघतात पोरं झोपतात कुठे, सकाळी पोटात काय जातं, दप्तर कुठे आहे, तब्येत बिघडली की कोण नेतं, घरात कोण कोणावर ओरडतं. आणि पोरांना पढवू नका. "बाबा चांगले आहेत म्हणून सांग हां" असं शिकवलेलं पोर पहिल्या वाक्यात पकडलं जातं, आणि मग त्याने पुढे खरं सांगितलं तरी ते पण पढवलेलंच वाटतं. मुलांना फक्त एवढं सांगा की ह्या मावशी आपल्याला मदत करायला आल्यात, जे विचारतील त्याचं खरं सांग, नाही सांगावंसं वाटलं तर नको सांगू.

कोऱ्या कागदावर सही-अंगठा नको. जे लिहिलंय ते वाचून दाखवा म्हणायचं, आजीला तिच्या भाषेत समजावून सांगायचं आणि मगच अंगठा.

मुलगी शाळेत का जात नाही हे तुम्ही पत्रात 'तिचा अभ्यासात मन नाही' असं लिहिलंय आणि लगेच खालच्या ओळीत लिहिलंय की सासूबाई चारला उठून बंदरावर जातात. मग साडेचार-पाचपासून घरात मोठं माणूस कोण? ती मुलगी. पाणी भरायचं, भाकऱ्या टाकायच्या, धाकट्याला उठवून आंघोळ घालून शाळेत धाडायचा, आणि ते होईपर्यंत तिची गाडी गेलेली. मन नाही कसलं, वेळ नाही. बाईंना हे असंच सांगा. आणि त्याचबरोबर तुम्ही काय करणार तेही सांगा, म्हणजे उदाहरणार्थ धाकट्याचं सकाळचं माझ्याकडे, भाकऱ्या माझ्याकडे. खळं ओलांडायचं तर आहे. नुसती अडचण सांगितली तर कागदावर 'दुर्लक्ष' येतं, अडचण आणि सोबत सोय सांगितली तर 'कुटुंब सहकार्य करतं' येतं, सरकारी कागद असाच असतो.

आता पैसे. तुम्हाला कोणी सांगितलंच नाही वाटतं, एक पालक गेलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाची. आधी महिन्याला ११०० होते, २०२३ मध्ये एका मुलामागे २२५० केले. दोन पोरं म्हणजे साडेचार हजार, आजीच्या पहाटेच्या दोन-चार फेऱ्या तरी त्यात कमी होतील. तिचा अर्ज महिला व बाल विकासच्या जिल्हा ऑफिसात जातो आणि मंजुरी ह्याच बाल कल्याण समितीकडनं येते, म्हणजे ज्या समितीच्या नावाने आजी रात्रभर जागते तीच समिती. मिशन वात्सल्यमधली प्रायोजकत्व योजना वेगळी, त्यात महिना ४००० आहेत पण खेड्यात घरचं वार्षिक उत्पन्न ७२ हजाराच्या आत लागतं. तुमच्या पोरांना कुठली बसते ते बाईंनाच विचारा, अगदी तोंडावर विचारा, त्यांचं ते कामच आहे. फक्त पैसे दर महिन्याला एक तारखेला येतील अशी आशा ठेवू नका, थकतात आणि मग एकदम येतात, म्हणून त्याच्यावर दुकानदाराची उधारी करू नका.

कागदांत तुमचं अडणार आहे ते मी आत्ताच सांगते, आईचा मृत्यूचा दाखला. माणूस जिथे जातो तिथेच त्याची नोंद होते, म्हणजे तुमच्या ग्रामपंचायतीत कितीही खेपा घातल्या तरी मिळणार नाही, तो गोव्यातनंच आणावा लागेल. दोन वर्षं कोणी आणलाच नसेल असं मला वाटतंय, कारण पत्रात त्याचा उल्लेख नाही. हॉस्पिटलचा जुना कागद, डिस्चार्जचा नाहीतर बॉडी ताब्यात दिल्याचा, शोधून ठेवा, त्यावर तारीख आणि नाव कसं लिहिलंय ते बघा, माहेरचं नाव सासरचं नाव ह्याचा घोळ असतो. बाकी मुलांचे जन्मदाखले, आधार, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाईड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक, आणि एक फोटो लागतो मुलांना घेऊन घरासमोर उभं राहून काढलेला. सरपंचांना पण सांगून ठेवा, गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते, सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सचिव. बऱ्याच गावात ती फक्त रजिस्टरात असते हे मला माहीत आहे. तरीपण अंगणवाडीच्या बाई तुमच्याबरोबर ओरोसला आल्या तर फार फरक पडतो, त्यांनी ह्या पोरांना लहानपणापासून वजनकाट्यावर बघितलंय.

आता मला मुख्य बोलायचंय. तुमच्या तिसऱ्या पानावर तळाला, मासेमारी बंदीच्या दिवसात दीर घरात असतो तेव्हा फार त्रास असं लिहिता लिहिता, तुम्ही एक वाक्य मालवणीत टाकून गेलात, "भावजी बोटीवरसून इले की त्या राती चेडू माझ्याकडे निजाक येता." म्हणजे भावजी बोटीवरनं आले की त्या रात्री मुलगी माझ्याकडे झोपायला येते. आणि पुढचं वाक्य मासळीच्या भावाबद्दल.

काकी, ते वाक्य मी परत परत वाचलं. झील, म्हणजे मुलगा, आजीकडेच झोपतो, चेडू तेवढी खळं ओलांडून तुमच्याकडे येते. का? त्याचं उत्तर साधं असू शकतं. बाप पिऊन रात्रभर बडबड करतो, आदळआपट करतो, झोप लागत नाही. मारत असेल. किंवा ती वयात येतेय आणि तिला आपलं अवघडल्यासारखं होतं. किंवा ह्याहून वाईट काही. मला माहीत नाही आणि लांबून अंदाज बांधणं पण चूक आहे, एखाद्या माणसावर भलताच आळ यायचा. पण तुम्हाला आतून काहीतरी खटकलंय, नाहीतर मासळीच्या भावाच्या आधी ते वाक्य आलंच नसतं.

तिला कोपऱ्यात घेऊन खोदून खोदून विचारू नका. दारं-खिडक्या लावून चार बायकांनी तर मुळीच नको. ती येते तेव्हा तिला झोपायला जागा द्या, आणि कधीतरी एकदाच म्हणा की तुला काही सांगायचं असलं तर मला सांग, मी ओरडणार नाही. आणि ती म्हणाली की कोणाला सांगू नको हां, तर शपथ घेऊ नका. सांगायचं, ज्यांना सांगून तुझं भलं होईल त्यांनाच सांगीन. ती काही बोललीच तर तिचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, तुमची भर नको.

आणि ती बोलो न बोलो, हे झोपायला येण्याचं त्या बाईंना तुम्ही सांगायचं. आजीसमोर नाही, त्यांना वाटेपर्यंत सोडायला म्हणून जा आणि तिथे सांगा. अनुमान काढायचं नाही, जे घडतं तेवढंच, की वडील आले की ती माझ्याकडे येते, कधीपासून येते, आणि मला काळजी वाटते. पुढचं त्या बघतील, मुलींशी एकटीने कसं बोलायचं ते त्या शिकलेल्या असतात, समुपदेशक पण असतात.

जर लैंगिक काही निघालं, देव करो नि न निघो, तर २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, त्यात कळूनही पोलिसांना न कळवणं हा गुन्हा आहे, घरातल्या माणसाला पण, घराण्याची अब्रू वगैरे कारण चालत नाही. पण त्याच कायद्यात मुलीची सोय पण बघितलीय. तिला पोलीस स्टेशनात नेऊन बसवायचं नाही, जबाब तिच्या घरी नाहीतर तिला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकारी, वर्दीत नाही, आणि तिचं नाव कुठे छापता येत नाही. हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. वेळ आलीच तर 'पोरीची बदनामी' ह्या शब्दावर तुम्हाला गप्प करायला चार माणसं येतील, तेव्हा हे माहीत असावं.

दिराचं काय करायचं? तो नसताना सगळं ठरवलंत तर तो येऊन आजीवर राग काढणार. पण त्याला तुम्ही समजवायला जाऊ नका, प्यायलेला असताना तर नाहीच. बाईंना सांगा की त्याच्याशी तुम्ही बोला, समिती त्याला बोलावू शकते, व्यसनासाठी उपचाराला जा असं सांगू शकते. रोजची पिणाऱ्याने एका दिवसात बंद केली तर हातपाय कापतात, कधी फिट येते, जिवावर बेतू शकतं, म्हणून घरात कोंडून 'सोडव' म्हणणं नको, सरकारी हॉस्पिटलात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडेच न्यायचं. १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी टेली मानस नंबर आहे, फुकट आहे, त्यावर आधी तुम्ही स्वतः विचारून घेऊ शकता. आणि एक करून बघा, ट्रॉलरच्या मालकाला आजीनेच भेटून सांगायचं की त्याच्या हिशोबातले थोडे पैसे माझ्या हातात द्या. मालक लोक ऐकतात कधी कधी, त्यांना पण खलाशी शुद्धीवर हवा असतो.

तुम्ही पुढे झालात की गावात एक बोलणं होणार ते मला इथूनच ऐकू येतंय, "काकीचो डोळो घरावर हा." सामायिक घर, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं, त्यात दिराची पोरं हिच्याकडे. मुलांचा ताबा मिळाला म्हणून त्यांच्या जमिनीत-घरात तुम्हाला तसूभर हक्क येत नाही, मुलांचं ते मुलांचंच राहतं. हे तुम्ही आपण होऊन समितीपुढे बोला, की मला वाटणीशी देणंघेणं नाही, लिहून घ्या. सासूबाईंसमोर बोला. नवऱ्याला पण आधी विचारलंय ना? पत्रात नवऱ्याचं एक अक्षर नाहीये, मुंबईला असला तर फोनवर का होईना त्याचा होकार घ्या, बाई त्याला पण फोन करतील.

आदेश काय होईल तो होईल, पटला नाही तर तीस दिवसांत अपील करता येतं, आणि बायकांना नि मुलांना वकील फुकट मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करायचा. बालगृहात जरी थोडे दिवस ठेवलं तरी भेटायला जाता येतं आणि घरी परत देणं हेच त्यांचं पहिलं काम असतं, पण त्या वाटेला आपल्याला जायचंच नाहीये.

आजीचं गाऱ्हाणं राहू दे, त्याने तिला बळ येतं. फक्त तिला सांगा, देवाकडे मागितलंस तसं ओरोसला पण तोंड उघडून माग.

ओरोसला जायच्या दिवशी पहिल्या गाडीने निघा, मालवणातनं कसालवरनं जाणारी सकाळची धरली तर वेळेत पोचाल. नंबर कधी लागेल सांगता येत नाही, पोरांसाठी डबा घ्या, मुलीची वही-पुस्तकं घ्या, तिथे बसून तिने दोन गणितं सोडवली तरी चांगलंच. तिने आत एकटीने बोलायचं म्हटलं तर तुम्ही बाहेर थांबा, कान लावू नका. आणि सगळ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स मालवणातच काढून घ्या, तिकडे पावसात लाईट गेली की झेरॉक्सवाला नुसता हात हलवतो.